भ्याड कोण, फितूर कोण?

इंग्रजीत 'क्रेव्हन' आणि 'रेक्रियंट' असे दोन शब्द आहेत. पहिला अजूनही अधूनमधून एखाद्या अग्रलेखात भेटतो. दुसरा आता शेक्सपियरच्या नाटकांत आणि जुन्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतच उरला आहे. मराठीत आणताना आपण दोघांनाही 'भ्याड' म्हणतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो.

पण दोन्हींत फरक आहे, आणि तो नुसता छटेचा नाही. 'क्रेव्हन' म्हणजे ज्याचे काळीज खचले तो. 'रेक्रियंट' म्हणजे ज्याने दिलेला शब्द, घेतलेली शपथ, पत्करलेली निष्ठा सोडली तो. एकाची हिंमत गेली, दुसऱ्याचे इमान गेले. गंमत अशी, की हे दोन्ही शब्द इंग्लंडात एकाच रिंगणात रुजले आणि त्या रिंगणात दोघांचा अर्थ एकच होता. मग ते वेगळे कसे झाले? आणि मुळात एक कसे होते? ही हकीकत वाचण्यासारखी आहे, कारण भीती आणि बेइमानी यांची गल्लत फक्त इंग्रजांनी केलेली नाही. ती आपणही करत आलो आहोत.

आधी ते रिंगण पाहू.

आपल्याकडे पूर्वी 'दिव्य' करण्याची पद्धत होती हे वाचकांना ठाऊक आहेच. वतनाचा तंटा मिटेना, साक्षी-पुरावे पुरेनात, तर वादी किंवा प्रतिवादी उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढी आणि हात पोळला की नाही त्यावरून निवाडा होई. युरोपातही तापलेल्या लोखंडाची आणि पाण्याची दिव्ये होती. नॉर्मन लोकांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले तेव्हा त्यांनी आणखी एक दिव्य बरोबर आणले. ते म्हणजे द्वंद्व. दोन पक्षांनी शपथेवर परस्परविरुद्ध गोष्टी सांगितल्या, म्हणजे एक जण खोटा असणारच. तो कोण हे देव दाखवील. म्हणून दोघांनी लढावे.

या लढाईचे नियम ब्लॅकस्टन या कायदेपंडिताने १७६५ ते १७६९ या काळात प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात तपशीलवार दिले आहेत. साठ फूट लांब, साठ फूट रुंद अशी जागा आखायची. न्यायाधीश आपल्या तांबड्या झग्यांत समोर बसायचे. लढणाऱ्यांच्या हातात तलवार नसे. हातभर लांबीचा सोटा आणि चामड्याची चौकोनी ढाल एवढेच. आपण जादूटोणा केलेला नाही, अंगावर ताईत-मंत्र बाळगलेला नाही, अशीही शपथ घ्यावी लागे. मग सूर्योदयापासून आकाशात तारे दिसेपर्यंत झुंज. ज्याच्यावर दावा लावला आहे त्याने तारे दिसेपर्यंत तग धरला तरी तो जिंकला. जमिनीच्या दाव्यात पक्षकार स्वतः लढत नसत, आपल्या वतीने लढवय्या उभा करत. खुनासारख्या फौजदारी फिर्यादीत मात्र फिर्यादी आणि आरोपी यांनाच उतरावे लागे. बायका, धर्मगुरू, अज्ञान मुले, साठी उलटलेले, लंगडे आणि आंधळे यांना यातून सूट होती. लंडन शहराच्या नागरिकांनाही होती. व्यापारी माणसे शहाणी असतात!

हरण्याचे मार्ग दोन. एक तर मरणे, नाहीतर हार कबूल करणे. हार कबूल करायची म्हणजे एकच शब्द उच्चारायचा, 'क्रेव्हन'. तो तोंडातून निघाला की संपले. आरोपीने उच्चारला तर त्याला तिथल्या तिथे फासावर चढवत. फिर्यादीने किंवा भाड्याच्या लढवय्याने उच्चारला तर जीव वाचे, पण माणूस कायद्याच्या दृष्टीने मेल्यासारखाच होई. त्याची साक्ष पुढे कोणत्याही न्यायालयात चालत नसे. त्याला पंच म्हणून कोणी बसवत नसे. बाराव्या शतकाच्या अखेरीला लिहिलेला, ग्लॅनव्हिलच्या नावाने ओळखला जाणारा कायद्याचा ग्रंथ सांगतो, की हरलेल्या लढवय्याने साठ शिलिंग दंडही भरायचा. त्या दंडाचे नाव होते 'रेक्रियंटपणाबद्दल'.

आता इथे कोणीही विचारील, की बाबा, सोट्याच्या माराने बेजार होऊन एखाद्याने हार मानली, तर त्याची साक्ष काय म्हणून रद्द करायची? तो दुबळा ठरला, खोटारडा कसा ठरला?

उत्तर शपथेत आहे. रिंगणात उतरण्यापूर्वी दोघांनी बायबलवर हात ठेवून आपली बाजू सत्य असल्याची शपथ घेतलेली असे. जमिनीच्या दाव्यातल्या लढवय्यालाही सांगावे लागे, की ही जमीन अमक्याच्या ताब्यात असलेली मी स्वतः पाहिली आहे, किंवा माझ्या बापाने पाहिली होती आणि मरताना मला सांगितली होती. म्हणजे तो लढवय्याही होता आणि साक्षीदारही. देव सत्याच्या बाजूने लढतो असे एकदा मानले, की जो हरला त्याची शपथ खोटी ठरली. मग तो नुसता पराभूत राहत नाही. देवासमोर खोटे बोललेला माणूस होतो. अर्थात भाड्याने लढणाऱ्याच्या बापाने प्रत्येक गावातली जमीन पाहिलेली असणे शक्य नव्हते, आणि हे सर्वांना कळत होते. म्हणून १२७५ च्या कायद्याने ही शपथ लढवय्यांना माफ करण्यात आली. आम्हा सरकारी कचेरीतल्या माणसांच्या टेबलावरून रोज प्रतिज्ञापत्रे जातात. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' या ओळीखाली सही करणाऱ्यांपैकी किती जण वरचा मजकूर वाचतात हे आम्ही पाहतो. त्यामुळे इंग्लंडच्या त्या भाड्याच्या लढवय्यांचे मला फारसे नवल वाटत नाही.

तर त्या रिंगणात भीती आणि खोटेपणा यांचा सांधा असा जुळलेला होता. घाबरलास, म्हणजे खोटा होतास. म्हणून 'क्रेव्हन' आणि 'रेक्रियंट' हे तिथे एकाच नाण्याचे दोन छाप.

शब्दांच्या कुळी मात्र पहिल्यापासून वेगळ्या होत्या. 'क्रेव्हन' हा बहुधा जुन्या फ्रेंचमधल्या 'चिरडलेला, मोडून पडलेला' अशा अर्थाच्या शब्दावरून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले 'तडकणे' आहे. म्हणजे मार बसून जो तडकला तो. अंगाशी संबंध असलेला शब्द. नेहमीचा 'कॉवर्ड'ही तसाच अंगाचा शब्द आहे. तो लॅटिनमधल्या शेपटीच्या शब्दावरून आला. आपण 'शेपूट घातली' म्हणतो, तेच. पोर्तुगीजमधला 'कोवार्द' हाही त्याच घरातला.

'रेक्रियंट'ची कुळी वेगळी. त्याच्या पोटात लॅटिन 'क्रेदेरे' म्हणजे विश्वास ठेवणे हे क्रियापद आहे. 'क्रेडिट' त्यातूनच आला. गोव्यातल्या चर्चमध्ये म्हटला जाणारा 'क्रेदो' त्याचाच. आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपला संस्कृत 'श्रद्धा' हा शब्द आणि लॅटिन 'क्रेदो' हे भाषाशास्त्रज्ञांच्या मते एकाच आदिम मुळाचे कोंब आहेत. तेव्हा 'रेक्रियंट' म्हणजे शब्दशः श्रद्धा मागे घेणारा. याचाच भाऊ 'मिसक्रियंट', म्हणजे भलतीच श्रद्धा असणारा, पाखंडी. धर्मयुद्धांच्या काळातला हा शब्द आज आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत दगडफेक करणाऱ्या आणि दुकानाची काच फोडणाऱ्या अज्ञात इसमांसाठी वापरतात. काच फोडणाऱ्याचा धर्म कोणी विचारत नाही, पण शब्द चिकटून राहिला.

आता एक माणूस पाहू, ज्याच्या बाबतीत हे दोन्ही शब्द एकमेकांत इतके मिसळले की त्याचे आयुष्यच त्यात गेले.

हेन्री ऑफ एसेक्स हा इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजाचा मोठा सरदार होता. राजाचे निशाण रणांगणात धरण्याचा मान त्याच्या घराण्याकडे वंशपरंपरेने होता. ११५७ मध्ये राजाने वेल्सवर स्वारी केली. उत्तर वेल्सच्या रानात, अरुंद वाटेत, वेल्श लोकांनी अचानक छापा घातला. एकच गोंधळ उडाला. त्यात हेन्री ऑफ एसेक्सच्या हातून निशाण पडले, आणि राजा मारला गेला अशी आरोळी उठली. निशाण पडले म्हणजे काय होते हे पानिपत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला सांगायला नको. हत्तीवरचा मालक दिसेनासा झाला की फौज मोडते. पण इथे राजा जिवंत होता. तो पुढे आला, लोकांना दिसला, फौज सावरली.

या गोष्टीला सहा वर्षे झाली. मधल्या काळात हेन्री ऑफ एसेक्स राजाच्या पदरीच होता. आणि ११६३ मध्ये रॉबर्ट द माँफर या त्याच्याच नात्यातल्या सरदाराने दरबारात आरोप केला. आरोप 'हा घाबरला' असा नव्हता. 'याने राजद्रोह केला' असा होता. हेन्रीने तो नाकारला. निवाडा द्वंद्वाने ठरला. रेडिंग गावाजवळ थेम्स नदीतल्या एका बेटावर दोघे लढले, दोन्ही काठांवर माणसांची गर्दी. हेन्री वार खाऊन कोसळला. मेला असे समजून राजाने त्याचे प्रेत पुरण्यासाठी रेडिंगच्या मठातल्या साधूंच्या हवाली केले. साधूंनी मठात नेले, तर प्रेत श्वास घेत होते! तो बरा झाला. पण कायद्याने तो मेलेलाच होता. जहागीर गेली, मान गेला, नाव गेले. मग त्याने त्याच मठात दीक्षा घेतली आणि उरलेले आयुष्य तिथेच काढले. पुष्कळ वर्षांनी मठाला भेट देणाऱ्यांना त्याने स्वतः आपली हकीकत सांगितली आणि जोसलिन नावाच्या साधूने ती आपल्या बखरीत लिहून ठेवली. झुंजीच्या ऐन भरात आपल्याला बेटाच्या कडेला सेंट एडमंड रागाने पाहत उभे असलेले दिसले, असे हेन्री सांगे. त्या संताच्या मठाचे हक्क त्याने पूर्वी हिरावले होते.

मला या गोष्टीत अडकवून ठेवणारा मुद्दा वेगळा आहे. त्या रानात हेन्री घाबरला असेल. बाण चारी बाजूंनी येत असताना हातातला दांडा सुटणे ही माणसासारखी गोष्ट आहे. राजा पडला असे त्याला खरोखरच वाटलेही असेल. पण घाबरण्याबद्दल कोणाची जहागीर जप्त करता येत नाही. ती राजद्रोहाबद्दलच करता येते. म्हणून सहा वर्षे जुन्या भीतीला फितुरीचे नाव मिळाले. आणि रिंगणात तो पडला, तेव्हा ते नाव देवाने शिक्का मारून दिले असे सर्वांनी मानले. 'क्रेव्हन' होता तो 'रेक्रियंट' झाला.

पुढे ही पद्धत हळूहळू विझत गेली. याच दुसऱ्या हेन्रीने ११७९ मध्ये जमिनीच्या दाव्यांसाठी बारा सरदारांच्या पंचांचा पर्याय दिला. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने दिव्यांत भाग घ्यायला धर्मगुरूंना मनाई केली. १५७१ मध्ये लंडनजवळ टोटहिल फील्ड्स येथे केंटमधल्या जमिनीच्या दाव्यासाठी रिंगण आखले गेले, न्यायाधीश बसले, लढवय्ये सजून आले, आणि ऐन वेळी वादीच हजर झाले नाहीत. जमलेली माणसे न लढलेली लढाई पाहून परतली. पण कायदा रद्द करायचे कोणाला सुचले नाही. तो पुस्तकात तसाच पडून राहिला.

तो जागा झाला १८१७ मध्ये. बर्मिंगहॅमजवळच्या एर्डिंग्टन गावात २७ मे रोजी मेरी ॲशफर्ड या तरुणीचे प्रेत पाण्याच्या खड्ड्यात सापडले. आदल्या रात्री नाचाच्या समारंभानंतर तिच्याबरोबर असलेला अब्राहम थॉर्नटन हा गवंडी पकडला गेला, पण पंचांनी त्याला निर्दोष सोडले. मेरीच्या भावाने, विल्यम ॲशफर्डने, जुन्या कायद्याचा आधार घेऊन पुन्हा फिर्याद केली. तेव्हा थॉर्नटनच्या वकिलांनी त्याहून जुना कायदा काढला. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी लंडनच्या न्यायालयात थॉर्नटनने आपण निर्दोष असून अंगबळाने ते सिद्ध करायला तयार आहोत असे सांगितले आणि हातमोजा जमिनीवर फेकला. थॉर्नटन धिप्पाड, ॲशफर्ड किरकोळ अंगाचा. न्यायाधीश एलनबरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिनोन्महिने ग्रंथ चाळले आणि एप्रिल १८१८ मध्ये निकाल दिला, की कायदा हा असाच आहे, लढण्याचा हक्क नाकारता येत नाही. ॲशफर्डने मोजा उचलला नाही. थॉर्नटन सुटला. दुसऱ्याच वर्षी, १८१९ मध्ये, पार्लमेंटने हा कायदा रद्द केला.

बहिणीसाठी न्यायालयाचे उंबरठे झिजवणारा तो भाऊ भ्याड होता का? मला तर तो त्या सगळ्या प्रकरणात सर्वांत धीट वाटतो. पण रिंगणाच्या हिशेबात त्याला जागाच नव्हती.

आता एक योगायोग सांगतो. लंडनमध्ये हातमोजा पडला तो दिवस १७ नोव्हेंबर १८१७. त्याच दिवशी पुण्याला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. दुसरा बाजीराव पुणे सोडून निघाला होता आणि पुढचे सुमारे सात महिने, जून १८१८ मध्ये माल्कमच्या स्वाधीन होईपर्यंत, तो पुढे आणि इंग्रज फौजा मागे असा खेळ चालला. वाड्यावर निशाण चढवले ते बाळाजीपंत नातूंनी, अशी लोकांत रूढ समजूत आहे. मराठी माणसाच्या स्मरणात त्या एका दिवसाचे दोन शब्द कायमचे कोरले गेले. बाजीराव 'पळपुटा' आणि नातू 'फितूर'. तिकडचे 'क्रेव्हन' आणि 'रेक्रियंट' इकडे एकाच वाड्याच्या दारात भेटले. आपण मात्र दोन माणसांना दोन वेगळे शब्द दिले. पळपुट्याला फितूर म्हटले नाही, आणि फितुराला पळपुटा म्हटले नाही. हा विवेक भाषेने केला आणि तो लहान नाही.

इंग्रजीतही रिंगण मोडल्यावर, किंबहुना मोडण्याच्या बरेच आधीपासून, हे दोन शब्द आपापल्या वाटेने निघाले. 'क्रेव्हन' कोंबड्यांच्या झुंजीत शिरला. न लढता मान टाकणारा कोंबडा तो 'क्रेव्हन'. आपल्याकडच्या धिरयोत पाठ फिरवून पळणारा रेडा हरतो, तसेच. (धिरयोवर न्यायालयाची बंदी येऊनही आता पाव शतकाहून अधिक काळ झाला. ती किती पाळली जाते हा वेगळा विषय.) पळणाऱ्या रेड्याला आपण भित्रा म्हणू. बेइमान म्हणणार नाही, कारण त्याने कोणाला वचन दिलेले नसते.

कोंबड्यांच्या झुंजीनेच इंग्रजांना आणखी एक गोष्ट दिली, पांढरे पीस. झुंजीच्या कोंबड्याच्या शेपटीत पांढरे पीस असेल तर तो हलक्या जातीचा, टिकणार नाही, असा समज होता. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच फोकस्टन येथे ॲडमिरल फिट्झजेराल्ड यांनी काही स्त्रियांना हाताशी धरले. सैन्यात न गेलेल्या तरुणांना भर रस्त्यात पांढरे पीस द्यायचे. आणि जे सैन्यात गेले त्यांतल्या काहींचे काय झाले? रणांगणावरून पळाल्याबद्दल, भ्याडपणाबद्दल आणि तशाच लष्करी गुन्ह्यांबद्दल ब्रिटिश आणि साम्राज्याच्या फौजांतल्या ३०६ जणांना त्यांच्याच बाजूच्या बंदुकांनी पहाटे उभे करून मारले. तोफांच्या भडिमाराने ज्यांचे हातपाय कापत, वाचा जाई, असे लोक त्यांत होते. सतरा वर्षांचा हर्बर्ट बर्डन त्यांच्यापैकीच एक. २००६ मध्ये, म्हणजे नव्वद वर्षांनी, ब्रिटनने कायदा करून या ३०६ जणांना माफी दिली. त्या कायद्याचे सार एवढेच, की ज्याचा धीर सुटला त्याला द्रोही म्हणून मारले, हे चुकले. हेन्री ऑफ एसेक्सच्या वेळी झालेली गल्लत सुधारायला त्या देशाला साडेआठशे वर्षे लागली.

'रेक्रियंट' दुसऱ्या वाटेने गेला. शेक्सपियरच्या 'किंग जॉन' नाटकात कॉन्स्टन्स ऑस्ट्रियाच्या ड्यूकला याच शब्दाने डागते. त्याचा गुन्हा घाबरण्याचा कमी आणि मुलाच्या बाजूने लढण्याचे वचन देऊन ऐन वेळी पक्ष बदलण्याचा जास्त. पुढे हा शब्द धर्म सोडणाऱ्याला, पक्ष सोडणाऱ्याला, निष्ठा मोडणाऱ्याला लागू लागला. स्पॅनिशातून इंग्रजीत आलेला 'रेनिगेड' मग त्याच्या शेजारी येऊन बसला. स्पॅनिश-पोर्तुगीजांचा 'रेनेगादो' तो हाच. आणि या शब्दाचा एक फार मोठा प्रसंग आपल्या गोव्याच्या मातीत घडला आहे.

आफोन्सो द आल्बुकेर्कने नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा दुसऱ्यांदा जिंकला आणि १५११ मध्ये तो मलाक्काकडे गेला. मागे आदिलशाही फौजेने बाणस्तारीचा कोट धरला. त्या दिवसांत काही पोर्तुगीज शिपाई तिकडे जाऊन मिळाले आणि त्यांनी धर्मही बदलला. त्यांत फेर्नांव लोपिश होता. १५१२ च्या अखेरीस आल्बुकेर्कने परत येऊन बाणस्तारीला वेढा घातला. रसूलखानाने कोट सोडताना या फितुरांना हवाली केले, पण त्यांचा जीव घेणार नाही असे वचन घेऊन. आल्बुकेर्कने वचन अक्षरशः पाळले. जीव घेतला नाही. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा तेवढा कापला.

आल्बुकेर्क वारल्यावर लोपिश पोर्तुगालला जाणाऱ्या जहाजावर चढला. १५१६ च्या सुमारास ते जहाज अटलांटिक समुद्रातल्या सेंट हेलेना या निर्मनुष्य बेटावर पाण्यासाठी थांबले, आणि लोपिश तिथेच लपून राहिला. एका थोट्या माणसाने त्या बेटावर एकट्याने वर्षेच्या वर्षे काढली. झाडे लावली, जनावरे पाळली. समुद्रात पडलेला एक कोंबडा त्याने वाचवला आणि तोच त्याचा सोबती झाला, असे सांगतात. जहाजे येत, खलाशी त्याच्यासाठी जिन्नस ठेवत, हा मात्र रानात दडून बसे. शेवटी पोर्तुगालच्या राजाने बोलावून घेतले. तो लिस्बनला गेला, रोमला जाऊन पोपकडून पापमुक्त झाला, आणि दुसरे काही न मागता पुन्हा बेटावर परतला. तिथेच तो १५४५ मध्ये वारला.

या माणसाने राजाची निष्ठा सोडली, यात वाद नाही. तो 'रेक्रियंट' होता. पण 'क्रेव्हन'? एका हाताने, अंगठ्यावाचून, अफाट समुद्राच्या मध्यावर एकट्याने राहणाऱ्याला भ्याड म्हणायला माझी जीभ धजत नाही. हेन्री ऑफ एसेक्स घाबरला आणि त्याला द्रोही ठरवले. लोपिशने द्रोह केला, पण काळीज त्याचे शाबूत होते. या दोन माणसांना एकाच शब्दात कोंबणारी भाषा कोणालाच नीट न्याय देणार नाही. हे दोन शब्द वेगळे असण्याची गरज इथे कळते.

शेवटी आपल्या 'फितूर'बद्दल. हा शब्द मूळ अरबी. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. अरबीत त्याचा अर्थ शिथिलता, गळाठा, दुबळेपणा. उर्दू-फारसीत तो बिघाड, खोट, बखेडा असा सरकत गेला आणि मराठीत येईपर्यंत त्याचा पक्का द्रोह झाला. म्हणजे दुबळेपणाकडून द्रोहाकडे जाण्याची वाट आपल्या शब्दानेही चालून पाहिली आहे. आज त्याच्या पोटातला तो जुना अर्थ कोणाच्या कानाला लागत नाही, हे खरे. पण सभेत एखादा गप्प बसला, मोर्चाला आला नाही, सही करायला कचरला, की 'हा फुटला', 'हा तिकडचा झाला' असे आपण किती चटकन म्हणतो! गोव्यात तर भाषेच्या आणि विलीनीकरणाच्या वादांत दोन्ही बाजूंनी असे शब्द सढळ हाताने वाटले गेले. १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी ते वापरणारे आणि ऐकून घेणारे आज आजोबा झाले आहेत, तरी काही घरांतले ते ओरखडे अजून बुजलेले नाहीत.

गप्प बसलेला माणूस कदाचित नुसता घाबरलेला असतो. नोकरी असते, घरी माणसे असतात. त्याला भित्रा म्हणा. तो ऐकून घेईल, आणि उद्या कदाचित धीर करून उभाही राहील, कारण गेलेला धीर परत येतो. पण त्याला एकदा फितूर म्हटले, की त्याला परतायला वाट राहत नाही. म्हणून तो शब्द उच्चारण्याआधी एवढेच विचारावे, की या माणसाने कोणाला काही वचन दिले होते का? दिले नसेल, तर त्याने मोडले काय?

रेडिंगच्या मठात तो म्हातारा साधू आपली हकीकत सांगत बसे, तेव्हा हा प्रश्न त्याला कोणी विचारल्याची नोंद जोसलिनच्या बखरीत नाही.